गुडघ्याच्या अस्थिबंध पुनर्रचनेतील प्राणी-प्रतिमाने : एक चिकित्सा

प्रस्तावना :
गुडघ्यातील पुढचा क्रुशिएट अस्थिबंध, म्हणजेच वैद्यकीय व्यवहारातील 'एसीएल', पूर्णपणे तुटल्यास तो सहसा आपोआप जुळत नाही. त्यामुळे बहुधा रुग्णाच्याच शरीरातील कंडरा घेऊन ती मांडीच्या व नडगीच्या हाडांत पाडलेल्या बोगद्यांत बसविली जाते. बीडसारख्या जिल्ह्यात हा केवळ खेळाडूंचा प्रश्न नाही. कबड्डीपटूप्रमाणेच डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून वाहनात चढणाऱ्या ऊसतोड मजुराची रोजीरोटीही गुडघ्यावरच अवलंबून असते. या शस्त्रक्रियेमागील बरेचसे ज्ञान ससे, श्वान, शेळ्या-मेंढ्या व डुकरे यांच्यावरील प्रयोगांतून आले आहे. ते मानवी रुग्णास कितपत लागू पडते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिमानांचे योगदान :
1986 मध्ये एमिएल व सहकाऱ्यांनी सशांच्या गुडघ्यात बसविलेली कंडरा 30 आठवड्यांत अस्थिबंधासारखी होत जाते, असे दाखविले. 1993 मध्ये रोडिओ व सहकाऱ्यांनी 20 श्वानांवर केलेल्या प्रयोगात पहिले 8 आठवडे ओढ देताच कंडरा हाडाच्या बोगद्यातून निसटत होती. 12 व्या आठवड्यापासून मात्र ती हाडात पक्की झाली होती. ऊतींचा असा कालक्रमाने होणारा बदल मानवी रुग्णांत वारंवार तुकडे काढून तपासणे शक्य नव्हते. या प्रयोगांचे महत्त्व त्यामुळे निर्विवाद आहे.

मर्यादा :
तथापि, रोडिओ यांच्या प्रयोगातील बोगदा सांध्याबाहेर होता. सांध्यातील द्रव व प्रत्येक पावलागणिक पडणारा ताण तेथे नव्हता. म्हणून '12 आठवडे' हा आकडा रुग्णास कामावर पाठविण्याचा मुहूर्त ठरू शकत नाही. मराठवाड्यातील उस्मानाबादी शेळीकडे पाहिले, तरी दुसरी मर्यादा ध्यानात येते. ती उभी असतानाही तिचा मागचा गुडघा वाकलेलाच असतो. शस्त्रक्रियेनंतर तिला कुबड्या वा नियंत्रित व्यायाम देता येत नाही. शिवाय प्रयोगात निरोगी प्राण्याचा अस्थिबंध कापून बहुधा लगेच पुनर्रचना केली जाते. ग्रामीण रुग्ण मात्र अनेकदा काही महिन्यांनी, गुडघ्यातील गादी झिजल्यावर किंवा फाटल्यावर दवाखान्यात पोहोचतो. प्रयोगातील गुडघा आणि दवाखान्यातील गुडघा हे मुळातच भिन्न असतात.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. 1970 च्या दशकात प्राण्यांच्या शरीरात कार्बन तंतूंभोवती नवी ऊती तयार होताना दिसली होती. मानवी गुडघ्यात मात्र ते तंतू तुटून त्यांचे कण सांध्यात पसरल्याचे आढळले आणि ती पद्धत मागे पडली. याउलट बॉस्टन येथे मार्था मरे यांनी डुकरांवरील दीर्घ अभ्यासानंतर तुटलेला अस्थिबंध जोडण्याची पद्धत 2015 मध्ये प्रथम केवळ 10 रुग्णांवर वापरली. नंतर 100 रुग्णांची तुलनात्मक चाचणी झाली आणि 2020 मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. दोन्ही उदाहरणांत आरंभ प्राण्यांपासूनच झाला. भेद आहे तो पुढील पायऱ्यांचा.

नैतिक बाजू :
रसेल व बर्च यांनी 1959 मध्ये पर्याय शोधणे, संख्या घटविणे व वेदना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. भारतात 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व 1998 चे नियम यांनुसार संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता आवश्यक असते. मात्र ज्या प्रयोगाचे उत्तर रुग्णापर्यंत पोहोचणारच नाही, त्यात गेलेला जीव कागदोपत्री मान्यतेने सार्थकी लागत नाही.

निष्कर्ष :
कंडरा हाडात कशी रुजते, याचे उत्तर प्राणी-प्रतिमान देते. मजुराने उकिडवे कधी बसावे, मोळी कधी उचलावी, याचे उत्तर ते देत नाही. त्यासाठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत शस्त्रक्रिया झालेल्या श्रमिक रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा व्हावयास हवा. प्राण्यांवरील संशोधनाची खरी कसोटी तेथेच लागेल.