खोली कोणाच्या नावावर?

नारायण सुर्वे यांच्या 'शीगवाला' या कवितेतला दाऊदचाचा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मराठी कवितेतल्या मुसलमानाचे उदाहरण द्यायची वेळ आली की आम्हीही त्यालाच पुढे करतो. दाऊदचाचा कवीच्या खोलीत येतो, काय लिहितोस म्हणून विचारतो आणि दंगलीची हकिगत आपल्या मुंबईच्या बोलीत सांगतो. कविता मोठी आहे, यात वाद नाही. पण यंदा ती पुन्हा वाचताना आम्हाला एक साधा प्रश्न पडला. बोलणे झाल्यावर दाऊदचाचा जातो कुठे? त्याची खोली कुठली, भाडे किती, पावती कोणाच्या नावाची? कवितेने हे सांगावे असा आमचा हट्ट नाही आणि सुर्व्यांविषयी तक्रार तर नाहीच. तक्रार आहे ती गिरणगावावरच्या पुढच्या लेखनाविषयी. त्यात मुसलमान खोलीत येतो तो पाहुणा म्हणून. भाडेकरू म्हणून तो आमच्या वाचनात फारसा आलेला नाही.

वास्तविक खोली हीच गिरणगावच्या साहित्याची रंगभूमी आहे. जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) हे सबंध नाटक चाळीतल्या एका खोलीत घडते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एका कुटुंबाचे काय झाले ते कळायला नाटककाराला खोलीबाहेर पडावे लागत नाही. ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) तर मदनपुऱ्यापासून पायी काही मिनिटांवरचा. त्याच्या शब्दकळेत आमच्या मोहल्ल्याची जबान आहे, पण ती रस्त्यावरची. बार्शीहून आलेले शाहीर अमर शेख गिरणगावचा आवाज झाले. ते कामगार म्हणून गायले आणि त्या काळी तेच बरोबर होते. मात्र लालबाग-परळ ओलांडून भायखळ्याच्या या बाजूला कथा-कादंबरी आली नाही.

या बाजूला काय होते? मऊ, आझमगड, बनारसकडून आलेले जुलाहे, म्हणजे मोमीन-अन्सारी बिरादरी. गिरण्यांत त्यांचे काम मुख्यतः साच्यांवर. मदनपुऱ्यात हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. मागांची जागा हळूहळू बॅगांच्या आणि जरीकामाच्या कारखान्यांनी घेतली. हा 'कारखाना' म्हणजे बहुतेक वेळा एक खोलीच. दिवसा तिथे यंत्र चालते आणि रात्री त्याच यंत्राच्या पायाशी कारागीर झोपतो.

आता या खोलीचा व्यवहार पाहा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडे नाममात्र उरले तशी खोलीची खरी किंमत पागडीत गेली. ती अनेक वर्षे कागदाबाहेर फिरत राहिली आणि १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता मिळाली. भाडे परवडत नाही म्हणून मालकाने डागडुजी सोडली, तेव्हा १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. एका खोलीत असे तीन माणसांचे थर साचतात. एक पावतीवरचा, एक प्रत्यक्ष राहणारा पोटभाडेकरू आणि तिसरा रात्रीपुरता आडवा होणारा. तिघांची भांडणे, उपकार, सोयरिकी सगळे या पावतीभोवती फिरते. कादंबरीला याहून काय हवे?

कोणी म्हणेल, हे उर्दूत आहे. आहे, पण किती? मंटोच्या 'मम्मद भाई'त अरब गल्लीतली भाड्याची खोली आहे, ढेकूण आहेत, तापाने फणफणलेला भाडेकरू आहे आणि डॉक्टर घेऊन येणारा दादा आहे. इथे खोली आपल्या माणसाची आहे, म्हणून आम्हाला ही कथा प्रिय. पण तो भाडेकरू एकटा आहे, त्याला पावतीचा वारसा नाही आणि शेजारी माग वाजत नाही. शौकत कैफींच्या आठवणींत कम्युनातल्या लाल झेंडा हॉलचे वर्णन आहे. तिथे एकेका कुटुंबाला एकेक खोली होती. पण ती कार्यकर्त्यांची खोली. कैफी आझमींनी मदनपुऱ्यातल्या कामगारांत काम केले, तरी त्यांच्या 'मकान' या नज़्ममध्ये एकीकडे महाल आहे आणि दुसरीकडे फुटपाथ. मध्ये जी दहा बाय बाराची भाड्याची वस्तू आहे, तिच्याकडे तरक्कीपसंदांचे लक्ष गेले नाही. क्रांतीच्या कवितेत भाडेपावती कुठे बसवणार, हेही खरेच!

म्हणजे मराठीत गिरणी आहे पण आम्ही पाहुणे; उर्दूत आम्ही घरचे आहोत पण गिरणी नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींतून उभा केलेला इतिहास (मूळ इंग्रजी, २००४) मराठीतही आला. त्याचे ऋण मोठे आहे, पण मुलाखत ही मुलाखतच असते. आपल्या मुस्लिम मराठी लेखकांचेही इथे चुकले असे आम्ही म्हणू. दलवाईंचे 'इंधन' (१९६५) कोकणातले, आणि त्यापुढेही आपण गाव, जमात, तलाक, दंगल यांतच बहुधा फिरत राहिलो. दोन्ही भाषा येणाऱ्यांनी दोन्हींच्या मधली खोली उघडायची, तर आपणच ती बंद ठेवली. आम्ही स्वतः वर्गात शिकवतो उर्दूतून आणि लिहितो मराठीतून, तेव्हा हा दोष आमच्याही पदरात आहे.

आज हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन राहिलेला नाही. जुनी इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात. पात्रता कागदावर ठरते. पोटभाडेकरू आणि कारागीर यांच्याजवळ कागद नसतो. १९९२-९३ नंतर तर दुसरीकडे खोली पाहायला गेले की आधी नाव विचारतात आणि मग भाडे सांगतात. मग अकरा महिन्यांचा करार, पुन्हा अकरा महिने आणि अखेर मुंब्रा. शाळेच्या रजिस्टरात पत्त्याचा रकाना खोडून खोडून फाटतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

मागे एकदा सातवीच्या वर्गात 'माझे घर' या विषयावर निबंध दिला होता. बहुतेकांनी बाग, अंगण, मोगऱ्याची वेल असे पाठ्यपुस्तकातले घर लिहिले. एकीने लिहिले, आमची खोली आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा मऊला दफन आहेत. अब्बा म्हणतात, कोणी विचारले तर आजोबा गावाला गेलेत असे सांग. आम्ही तिचे इमल्याचे तीन गुण कापले आणि दहापैकी सात दिले. दिवाळीनंतर ती दाखला घेऊन गेली. वही आमच्याकडेच राहिली आहे.