वारसा कुणाचा? : वॉटसन हॉटेलच्या निमित्ताने

काळाघोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. १८६७ ते १८६९ या काळात ही इमारत उभी राहिली. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतला गेला आणि जहाजाने मुंबईत आणून जोडला गेला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम इथेच दाखवली गेली. तिकीट एक रुपया. पुढे हॉटेल बंद पडले, नावे बदलली, खोल्यांतून वकिलांच्या कचेऱ्या आणि बिऱ्हाडे आली. २००५ साली एक भाग कोसळून एक माणूस मेला. २०१९ साली न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी झाली, आणि ती पाडावी असा तज्ज्ञांचा अहवालही आला. त्यावर आमच्या वास्तुप्रेमी मंडळींनी जो आक्रोश केला तो मी वाचला आहे.

तो आक्रोश मी खोटा मानत नाही. ओतीव लोखंडाची ही देशातली सर्वांत जुनी उभी इमारत मानली जाते. ती पाडून तिथे काचेचा मनोरा बांधणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. माझे भांडण आहे ते या वास्तूला मूल्य देणाऱ्या दृष्टीशी. ही दृष्टी रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर उभी राहते आणि दर्शनी भाग पाहते. तिला सांगाडा दिसतो, गॅलऱ्या दिसतात, पाहुण्यांची नावे दिसतात. आत कोण काय सोसत होते, याची तिला खबर नसते.

पाहुण्यांचेच पाहू. १८९६ च्या आरंभी मार्क ट्वेन इथे उतरला होता, हे प्रत्येक लेखात येते. गॅलरीतून त्याने पाहिलेले कावळेही न चुकता काव काव करून जातात. पण 'फॉलोइंग द इक्वेटर' या १८९७ च्या त्याच प्रवासवर्णनात, मुंबईच्या त्याच मुक्कामातला आणखी एक प्रसंग आहे. खोलीच्या काचेच्या दाराचे काहीतरी काम होते. एक हिंदी नोकर गुडघ्यावर बसून ते करीत होता. काम मनासारखे झाले नाही म्हणून देखरेख करणाऱ्या धिप्पाड जर्मन माणसाने आधी त्याच्या जबड्यावर तडाखा दिला आणि मग चूक काय ती सांगितली. नोकराने तो मुकाट्याने घेतला. ट्वेनला एकदम आपले बालपण आठवले. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामाला काम समजावून सांगण्याची रीत हीच होती, आणि पन्नास वर्षांत त्याने ती पाहिली नव्हती. आपल्या घरातल्या मारहाणीचीही तो तिथे कबुली देतो.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध केली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. म्हणजे या हॉटेलच्या भरभराटीच्याच काळात पुण्याच्या एका माणसाने शूद्रातिशूद्र आणि निग्रो गुलाम यांचे नाते ओळखले होते. पुढे एका अमेरिकनाला ते नाते याच इमारतीत, दाराशी बसलेल्या नोकराच्या चेहऱ्यावर दिसले. त्या नोकराचे नाव नाही, जात ठाऊक नाही. माझ्या मते या वास्तूचे सर्वांत मोठे ऐतिहासिक मूल्य त्या दाराजवळ आहे. वारसाप्रेमींनी मात्र कावळे ठेवले आणि तो तडाखा वगळला. ही निवड निरागस आहे काय?

दुसरी गोष्ट जमशेटजी टाटांची. त्यांना या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला, आणि त्या अपमानातून १९०३ चे ताजमहाल हॉटेल जन्मले, असे सांगतात. या कथेला भक्कम पुरावा नाही. तरी ती टिकली, कारण बंद दाराचा अपमान अभिजनांना कळतो. तो स्वतःच्या वर्गाचा असला की अधिकच कळतो. पण १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा हिंदू हॉटेलचे दार अस्पृश्याला उघडणार नव्हते. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेले लोक समोर उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने आसरा द्यायचे टाळले. दिवस बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याला दंतकथेची गरज नाही. पारशी समाजाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. दारे सगळ्यांचीच बंद होती. पण पुरावा नसलेली कथा वारसा ठरते आणि लिहून ठेवलेली हकिकत आमची 'व्यथा' म्हणून बाजूला काढली जाते.

आता इमारतींच्या मागे जाऊ. फोर्टात, गिरगावात जुन्या इमारतींच्या पाठीला लोखंडी गोल जिने चिकटलेले दिसतात. चित्रकारांना ते फार आवडतात. ते मैला उचलणाऱ्यासाठी होते. पुढच्या जिन्याला त्याचे पाय लागायचे नव्हते. दोन इमारतींमधली अरुंद बोळ ती घरगल्ली, त्याचीच वाट. १८८८ च्या महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' नावाचा करच होता. म्हणजे अस्पृश्यता या शहराने मनात ठेवली नाही. ती लोखंडात ओतली आणि कायद्यात लिहिली. १९९५ पासून मुंबईत वारसा-नियमावली आहे. तिच्या यादीत कमानी आणि खांब यांची वर्णने वाचावीत, आणि मग मागच्या जिन्याचा वापर कुठे नोंदला आहे ते शोधावे.

ज्या वास्तूला मिरवण्यासारखा दर्शनी भागच नाही, तिचे काय होते तेही आपण पाहिले. दादरच्या आंबेडकर भवनाला ना ऑर्डिश होता ना इंग्लंडचे लोखंड. साधी बैठी बांधणी. पण 'प्रबुद्ध भारत'चा छापखाना तिथे होता. २५ जून २०१६ च्या पहाटे लोक झोपेत असताना ते पाडले गेले. पुढच्या महिन्यात हजारो माणसे मुंबईच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे बाकीच्यांना कळले की तिथे काही जपण्यासारखे होते.

वॉटसन हॉटेल जपायचे तर जपावे. पण त्याच्या पाटीवर ऑर्डिशच्या नावाबरोबर त्या तडाख्याचीही ओळ असावी. आणि मुंबईतल्या आपल्या विद्यार्थ्यांना माझे एक सांगणे आहे. फोर्टातले मागचे जिने मोजून काढा, त्यांची रेखाटने करा, घरगल्ल्यांत आजही काम करणाऱ्या सफाई कामगारांशी बोला आणि ते लिहून काढा. दुरुस्तीत ते जिने कापून भंगारात गेले, तर नंतर दाखवायला काही उरणार नाही.