अटींच्या चौकटीतील मातृत्व : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात माता-बालआरोग्यविषयक धोरणांची चिकित्सा

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विष्णुपुरीस्थित रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. दुसऱ्या दिवशी मृतांचा आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर रोजी या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे आणि क्षमतेच्या कितीतरी पट अधिक भरलेला नवजात शिशू कक्ष यांची चर्चा काही आठवडे झाली व थांबली. त्या चर्चेत एक स्पष्टीकरण वारंवार पुढे आले : रुग्ण बाहेरून, अत्यवस्थ स्थितीत, अखेरच्या क्षणी दाखल झाले होते.

हे स्पष्टीकरण वस्तुस्थितीला धरून असेलही. मात्र ते यंत्रणेच्या बचावासाठी मांडले जाते तेव्हा त्यातील खरा प्रश्न बाजूला पडतो. अर्भक अत्यवस्थ होऊन विष्णुपुरीपर्यंत पोहोचते तेव्हा त्या अवस्थेची सुरुवात अनेक महिने आधी, त्याच्या मातेच्या ताटात आणि तिच्या कामाच्या जागी झालेली असते. दारिद्र्याने मातेचे व अर्भकाचे आरोग्य खालावते, हे विधान आता कोणी नाकारत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्यापुढील गोष्टीवर आहे. दारिद्र्याच्या निवारणासाठी आखलेल्या योजनांच्या पात्रतेच्या अटी दारिद्र्याच्याच लक्षणांवर बोट ठेवतात : कमी वयातील विवाह, अधिक अपत्ये, स्थलांतर, कागदपत्रांचा अभाव. परिणामी जिला साहाय्याची गरज सर्वाधिक, तीच स्त्री अपात्र ठरते.

प्रसूतीचे ठिकाण आणि मातेचे शरीर

राज्याची प्रगती नाकारण्याचे कारण नाही. नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २००५ मध्ये दर हजारी ३६ होता, तो २०२० मध्ये १६ झाला. माता मृत्यूचे प्रमाण २००४-०६ मध्ये लाखामागे १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. या यशात मराठवाड्याचाही वाटा आहे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबादहूनच सुरू झाले, ही बाब राज्याच्या पोषणविषयक लेखनात क्वचितच नोंदविली जाते.

तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. त्याच काळात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण ४८.४ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे पंधरा वर्षांत प्रसूतीचे ठिकाण बदलले, प्रसूत होणाऱ्या स्त्रीचे शरीर होते तसेच अशक्त राहिले. २०२० मधील १६ अर्भक मृत्यूंपैकी सुमारे ११ जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील आहेत, याचा अर्थही याच संदर्भात लावावा लागतो. रक्तक्षयी मातेचे अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे बालक रुग्णालयात जन्मले तरी त्याला वाचविण्याचा भार अखेर नवजात शिशू कक्षावरच पडतो.

माता मृत्यूंच्या अभ्यासात थॅडियस व मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली ‘तीन विलंबां’ची चौकट सर्वत्र वापरली जाते : निर्णयातील विलंब, पोहोचण्यातील विलंब आणि उपचार मिळण्यातील विलंब. ती उपयुक्त आहे. किनवट वा माहूर तालुक्यातून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, हे लक्षात घेतले की दुसरा विलंब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आणि २०१४ मध्ये आलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ही त्यावरची उत्तरे होती. परंतु ही चौकट गुंतागुंत उद्भवल्यापासून घड्याळ लावते. गुंतागुंत घडविणारा काळ त्या घड्याळात मोजला जात नाही.

अटींचा इतिहास

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मातृत्व लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील गर्भवतीला ३०० रुपये देण्याची तरतूद होती. १९९८ मध्ये ही रक्कम ५०० झाली. अटी दोन होत्या : वय किमान १९ वर्षे आणि पहिली दोनच अपत्ये. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. तिने उत्तर प्रदेश, बिहार अशा मागास कामगिरीच्या राज्यांत या अटी ठेवल्या नाहीत. ग्रामीण स्त्रीला तेथे १४०० रुपये दिले. महाराष्ट्र मात्र ‘उच्च कामगिरी’च्या राज्यांत गणला गेला. येथे रक्कम ७०० रुपये आणि वय व अपत्यसंख्येच्या अटी कायम. राज्याची सरासरी मुंबई-पुण्याने उंचावली आणि तिची किंमत मुखेड-जळकोटच्या स्त्रीने मोजली. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा सिंचन, रस्ते व नोकऱ्यांभोवती फिरत आली आहे. सरासरीमुळे नाकारल्या गेलेल्या या हक्काचा त्यात सहसा उल्लेख नसतो.

२० नोव्हेंबर २००७ रोजी अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मातृत्व लाभ वय व अपत्यसंख्या न पाहता द्यावा, असा आदेश दिला. त्यानंतरची वाटचाल बोधप्रद आहे. २०१० च्या इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेत दोन्ही अटी पुन्हा आल्या. शिवाय ही योजना निवडक जिल्ह्यांपुरती होती आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी अमरावती व भंडारा यांची निवड झाली. मे २०१३ मध्ये जननी सुरक्षा योजनेतील अटी काढून टाकण्यात आल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने नियमित शासकीय सेवेतील स्त्रिया वगळता प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. कायद्यातील ‘प्रत्येक’ हा शब्द मात्र अंमलात टिकला नाही. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेने रक्कम ५००० वर आणली आणि लाभ पहिल्या जिवंत अपत्यापुरता सीमित केला. उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून मिळून सरासरी ६००० होतील, असे सांगण्यात आले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ती बेरीज ५७०० होते, आणि तीही केवळ दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांसाठी.

२०१७ मध्येच मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन संघटित क्षेत्रातील स्त्रीची सवेतन रजा २६ आठवड्यांवर गेली. तिसऱ्या अपत्यालाही तेथे १२ आठवडे मिळतात. रोजगार हमीवरील त्या वर्षीच्या २०१ रुपये दराने पाहिल्यास ५००० रुपये म्हणजे सुमारे २५ दिवसांची मजुरी होय. पगारदार स्त्रीचे दुसरे बाळंतपण कायद्याला मान्य आहे, मजूर स्त्रीचे मान्य नाही. ही तफावत आर्थिक चणचणीने समजावून देता येत नाही. तिच्यामागे गरिबाच्या अपत्यसंख्येकडे पाहण्याची दृष्टी आहे. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये दिले जातात. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू चांगला आहे. परंतु दुसऱ्या गरोदरपणी स्त्री पात्र आहे की नाही हे बाळाच्या जन्मानंतरच ठरते. साहजिकच गरोदरपणात तिच्या हाती काहीही येत नाही आणि मुलगा झाल्यास नंतरही येत नाही. पोषणासाठीची योजना येथे लिंगगुणोत्तराची योजना झाली आहे.

कागदपत्रांची अट वरकरणी किरकोळ दिसते. मराठवाड्यातील रीतीनुसार पहिले बाळंतपण माहेरी होते. लग्नानंतर आडनाव तर बदलतेच, पुष्कळदा स्त्रीचे नावही बदलते. आधारपत्रावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर कोठेच नाव नाही, नोंदणी सासरच्या अंगणवाडीत आणि प्रसूती माहेरच्या आरोग्य केंद्रात, अशी स्थिती अपवादात्मक नाही. २०१७ च्या नियमांत पतीचे आधारपत्रही आवश्यक होते. टाकलेल्या वा विधवा गर्भवतीने ते कोठून आणावे, याचा विचार झाला तो २०२२ मध्ये.

अर्धा कोयता

नांदेडमधील मुखेड, कंधार, लोहा आणि लातूरमधील जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल कोयत्याला मिळते, एकट्या स्त्रीला नाही, आणि बहुधा ती पुरुषाच्या हातात पडते. एका दिवसाचा खाडा झाला तर त्याचा दंड उचलीतून वळता होतो. गरोदर स्त्रीने विश्रांती घेतली की कोयता अर्धा होतो, म्हणून ती आठव्या महिन्यातही मोळ्या वाहते. तिचा मुकादम तिचा मालक नाही आणि कारखाना तिला कामगार मानत नाही; त्यामुळे मातृत्व रजेचा कायदा कोणावर लागू करावा, हेच ठरत नाही.

आरोग्यसेवेची रचना गावाच्या नोंदवहीवर उभी आहे. आशा, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका या गावातील गर्भवतीची नोंद ठेवतात. गर्भारपणाचे पाच-सहा महिने कोपीवर गेले की लोहगोळ्या, तपासण्या, घरपोच आहार यांची साखळी तुटते. नोंदवहीत ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा पडतो. स्थलांतरित बालके व मातांचा माग ठेवणारी प्रणाली राज्याने अलीकडे सुरू केली, ती स्वागतार्ह आहे; परंतु ज्या गावच्या शिवारात फड लागतो तेथील सेविकेने आपल्या यादीबाहेरील स्त्रीला आहार कोठून द्यावा, हा प्रश्न नोंदीने सुटत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. लातूर-नांदेडच्या टोळ्या त्याच फडांत, त्याच उचलीवर राबतात.

कोयत्याचा संबंध विवाहाच्या वयाशीही आहे. मुलगी कोपीवर सोबत नेणे धोक्याचे, गावी एकटी ठेवणे त्याहून धोक्याचे. शिवाय लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे दिसते. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. अशा मुलीला दिवस गेल्यानंतर तीन कायदे-योजना एकाच वेळी तिच्यासमोर उभ्या राहतात. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कुटुंबाला आरोपी करतो, २०१२ चा पोक्सो कायदा डॉक्टरला पोलिसांत कळविणे बंधनकारक करतो आणि जिथे वयाची अट आहे तिथे योजना तिला नाकारते. मग कुटुंब नोंदणी लांबविते किंवा वय वाढवून सांगते. या विषयावरील शोधनिबंधांत उशिरा नोंदणीचे कारण ‘अज्ञान व अंधश्रद्धा’ असे लिहून ‘जनजागृती’ची शिफारस करण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात हे कुटुंब कायदा पुरेपूर ओळखून वागत असते.

आहार

आहाराबाबत थोडक्यात. मराठवाड्याच्या शेतीत ज्वारी-तुरीच्या जागी सोयाबीन आले. लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ आणि डाळगिरण्यांचे केंद्र. तरी २०१५ च्या दुष्काळात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा ती गिरणीत काम करणाऱ्या बाईच्या ताटात उरणे कठीणच होते. अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर मिळणारे माणशी पाच किलो धान्य पोट भरते, पण त्यात डाळ नाही.

अट नसलेली योजना

अटींशिवाय योजना चालत नाहीत, या युक्तिवादाला उत्तर नांदेड जिल्ह्यातच आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रात राबविली जाते. किनवट-माहूर परिसरातील गोंड, कोलाम, आंध स्त्रियांना तीत अंगणवाडीत एक वेळचा ताजा चौरस आहार मिळतो. कितवे बाळंतपण, याची विचारणा तेथे होत नाही. या योजनेतही उणिवा आहेत. शिधा व इंधनाचे पैसे वेळेवर न मिळाल्यास सेविकेला उधारीवर स्वयंपाक करावा लागतो. परंतु तिचे तत्त्व अन्न सुरक्षा कायद्यातील ‘प्रत्येक’ या शब्दाच्या सर्वांत जवळचे आहे. अनुसूचित क्षेत्राची हद्द संपते तेथे ती थांबते. मुखेडच्या वाडी-तांड्यावरील तिसऱ्यांदा गरोदर असलेली ऊसतोड मजूर स्त्री त्याच जिल्ह्यात राहते आणि तिची प्रकृती बिघडल्यावर तिलाही त्याच विष्णुपुरीच्या कक्षात आणले जाते. तेथे दगावलेल्या प्रत्येक अर्भकाच्या मातेची नोंदणी कितव्या महिन्यात झाली, ती हंगामात कोठे होती, कोणत्या योजनेचा कोणता हप्ता तिला मिळाला आणि कोणत्या अटीवर नाकारला गेला, हे चार रकाने बालमृत्यू अन्वेषणाच्या अर्जात वैद्यकीय कारणाच्या शेजारी भरले जावेत. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना या कामासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.