गाडगे, आयदान आणि प्लास्टिक

'साधी राहणी' हा शब्द पांढरपेशा मराठी लेखनात इतका सोवळा होऊन बसला आहे, की त्याची चिकित्सा करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. अलीकडे या शब्दाला प्लास्टिकविरोधाची जोड मिळाली आहे. गरजा आवरा, घरातल्या वस्तू कमी करा, कापडी पिशवी वापरा, मातीच्या माठातले पाणी प्या, असे सांगणारे लेख आणि व्याख्याने आता आमच्या कोल्हारसारख्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहेत. यातली प्रत्येक सूचना सुटी घेतली तर मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो त्यामागील गृहीतावर. कमी वस्तूंचे जगणे म्हणजे आपोआपच शुद्ध जगणे, असे हे लेखन धरून चालते. दलित साहित्य वाचलेल्या माणसाच्या गळी हे गृहीत उतरणे कठीण आहे.

पेशवाईत पुण्याच्या रस्त्याने चालणाऱ्या अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी गाडगे आणि पाऊलखुणा पुसण्यासाठी कमरेला झाडू असे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हा दाखला दिला आहे. पुढे गाडगेबाबांनी जवळ बाळगल्या त्याही नेमक्या याच दोन वस्तू : फुटके गाडगे आणि खराटा. पण पहिले गाडगे हुकुमाने गळ्यात पडले होते, दुसरे एका माणसाने समजून उमजून हाती घेतले होते. आणि हे गाडगे हाती घेऊन बाबांनी सांगितले काय? वेळ पडली तर भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा. त्यांच्याकडे त्यागाचे कौतुक नव्हते, हिशेब होता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची राहणी ठरवून दिलेली आहे. त्याने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत. कुत्री आणि गाढवे हेच त्याचे धन. त्याने सतत भटकत राहावे. 'वस्तू कमी करा' या विषयावरचा इतका तपशीलवार मजकूर आपल्या परंपरेत दुसरा सापडणे अवघड! लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचताना हा अध्याय पुनःपुन्हा आठवतो. गाढवाच्या पाठीवर मावेल तेवढेच बिऱ्हाड, आणि त्या बिऱ्हाडात एकही अनावश्यक वस्तू नाही. याला साधी राहणी म्हणण्याची कोणाची छाती आहे? अभाव आणि साधेपणा यांत फरक न करणारी समीक्षा अशा पुस्तकांतले 'निसर्गाजवळचे जगणे' पाहून हळवी होते, तेव्हा ती नकळत मनूच्याच बाजूला जाऊन बसते.

हा हुकूम केवळ पोथीत राहिला नव्हता. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली, तेवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. तांब्या-पितळेला अशी जात होती. वस्तीवरच्या दारात पाण्याच्या रांगेत ठेवलेली लाल-निळी प्लास्टिकची घागर मी या नजरेने पाहतो. ती दिसायला ओबडधोबड खरी, पण तिला ना कल्हई लागते ना गावाची परवानगी. हे भांडे वापरणाऱ्या बाईला 'माठ घ्या' असे सांगण्याआधी माठाचा इतिहास सांगणाऱ्याला ठाऊक हवा.

मग प्लास्टिक असू द्यावे काय? नाही. कारण त्याचा शेवटचा भार पुन्हा आपल्याच माणसांवर पडतो. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार. त्यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्यातल्या बायका रस्त्यावरून चिंध्या, कागद, काच, लोखंड, बाटल्या वेचतात, निवडतात आणि विकतात. साधेपणावरच्या लेखांत ही बाई कधीच येत नाही. घर नेटके करण्यासाठी बाहेर टाकलेले सामान कोणाच्या डोक्यावर जाते, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. पुण्यात १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली, ती अशाच कष्टकऱ्यांची. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया.

कोल्हारचे म्हणाल तर नगर-मनमाड रस्ता गावातून जातो. शिर्डीला निघालेल्या गाड्या प्रवरेच्या पुलावरून जातात आणि आपला कचरा मागे ठेवून जातात. यातली पाण्याची बाटली कोणीतरी वेचते, कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. शाम्पूच्या नि वेफर्सच्या चकचकीत पुड्यांना मात्र कोणी हात लावीत नाही. त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणे परवडत नाही. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. भाजीच्या पाटीवाल्या बाईला आणि पुड्या काढणाऱ्या कारखानदाराला एकच आकडा! वस्तू कमी करायच्याच तर आधी या पुड्या कमी व्हाव्यात, आणि त्या बाजारात आणणाऱ्यानेच त्यांची विल्हेवाट लावावी. २०१६ च्या नियमांत उत्पादकाची ही जबाबदारी लिहिलेली आहेच.

आपल्या चळवळीला वस्तूंचा त्याग परका नाही, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांना गळ्यातील ढीगभर माळा आणि हातातील कोपरापर्यंतचे कथलाचे दागिने टाकायला सांगितले. कारण ती अस्पृश्यतेची खूण होती. पण धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करू नये, हेही त्यांनीच १९५० साली बुद्धधर्मावरील लेखात बजावले. या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

राहता राहिली टोपली. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकणातली आई बांबूची आयदाने विणते, आणि लेखिका त्या विणण्याचे आपल्या लिहिण्याशी नाते जोडते. प्लास्टिक सोडून टोपलीकडे वळा म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. बाजारात टोपली पुन्हा आली तर मला आनंदच आहे. मात्र एका टोपलीमागे विणणारीचे किती तास जातात आणि तिच्या हाती किती रुपये पडतात, हे विकणाऱ्याने टोपलीवर लिहावे. आणि विणायला बसलेल्या मुलांत बुरूड-कैकाड्यांखेरीज आणखी कोणाची मुले आहेत, हेही एकदा मोजून सांगावे.