एका ‘स्नॅप’वरून झालेलं भांडण आणि आपला पहिला रिव्ह्यू



मागच्या वर्षी सरांनी मला एका ज्युनिअरच्या पेपरचा मसुदा वाचायला दिला. मी चार ओळी लिहून पाठवल्या: निष्कर्ष पटत नाहीत, मोजमापं अपुरी वाटतात, चर्चा वरवरची आहे, भाषा सुधारावी. मनातून खूश होते, काय कडक रिव्ह्यू लिहिलाय! त्या पोराने माझ्या दुसऱ्या ओळीपायी नमुने पुन्हा बनवले आणि पंधरा दिवस सगळी मोजमापं परत घेतली. मग एके दिवशी तो टेबलापाशी येऊन म्हणाला, “ताई, नक्की कुठलं मोजमाप कमी वाटलं?” मी मसुदा उघडला. मला हवं होतं ते शेवटच्या आकृतीत आधीपासून होतं. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

म्हणून आजचा लेख टीका कशी करायची यावर. उदाहरण मात्र जर्नलमधलं नाही, कॉमिकचं आहे. हसू नका. अमेरिकेत सुपरहिरोंच्या नव्या अंकावर वाचक ज्या बारकाईने भांडतात, ते पाहून मला माझी चूक जास्त नीट समजली. आणि हे वाचक कुठे घसरतात, तेही आपल्या कामाचं आहे.

प्रकरण काय आहे?

‘द अमेझिंग स्पायडरमॅन’चा १२१ वा अंक, मुखपृष्ठावर तारीख जून १९७३. लेखक जेरी कॉन्वे, तेव्हा जेमतेम विशीत. चित्रं गिल केन यांची. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या उंच मनोऱ्यावर नेतो आणि तिथून खाली पाडतो. स्पायडरमॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायांना चिकटतं, ती पाण्यावर आदळायच्या आधी थांबते. वाचवलं म्हणून तो स्वतःवर खूश होतो. तिला वर ओढतो, तर ती मेलेली.

ज्या चौकटीत जाळं तिला पकडतं, तिथे तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एकच आवाज लिहिलाय: ‘स्नॅप’.

नायकाच्या प्रेयसीला असं मारायची तेव्हा पद्धत नव्हती. वाचक चिडले, हळहळले, पत्रं लिहू लागले. पण मला ज्यात रस आहे तो वाद वेगळा. ती नेमकी मेली कशाने? तीन उत्तरं पुढे येतात, आणि तिन्हींना त्याच अंकात काही ना काही आधार सापडतो.

पहिलं: ती आधीच मेली होती. आधार असा की पुलावर ती कुठेच डोळे उघडत नाही, काही बोलत नाही.

दुसरं: पडण्याच्या धक्क्याने मेली. आधार म्हणजे गॉब्लिन स्वतः तसं म्हणतो, की इतक्या उंचीवरून पडणारा माणूस खाली पोचायच्या आधीच मरतो.

तिसरं: जाळ्याने एकदम थांबवल्यामुळे मानेला झटका बसला. आधार, तो ‘स्नॅप’.

आता यातला प्रत्येक पुरावा किती भरवशाचा ते बघा. डोळे मिटलेले असणं बेशुद्धीतही शक्य आहे, म्हणजे त्यावरून पहिला आणि तिसरा पर्याय वेगळे करता येत नाहीत. गॉब्लिन हा आरोपी आहे, शिवाय त्याचं विधान तसंही चुकीचं आहे. नुसतं पडण्याने माणूस मरत असता तर पॅराशूट घेऊन उडी मारणारा एकही जण जिवंत उतरला नसता. उरतो ‘स्नॅप’. तो कुठल्याही पात्राच्या तोंडी नाही, म्हणजे त्याला खोटं बोलायचं कारण नाही. आणि तो पायाशी नाही, मानेपाशी आहे.

साध्या वाचकाने नुसतं पान नीट पाहून इथपर्यंत यावं, यालाच मी चांगला रिव्ह्यू म्हणते. ‘अंक आवडला नाही’ असं नाही, तर ‘या चौकटीत हे लिहिलंय, म्हणून मला असं वाटतं’. माझ्या चार ओळींत एकाही आकृतीचा क्रमांक नव्हता.

संपादकाने उत्तर दिलं

१२५ व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर संपादक रॉय थॉमस यांनी खुलासा केला की मृत्यू झटक्यानेच झाला. शिवाय, स्पायडरमॅनने काहीही केलं असतं तरी ती वाचणार नव्हती, असा दिलासाही दिला.

हे थॉमस स्वतः मुळात पत्रं लिहिणारे वाचक. १९६१ मध्ये जेरी बेल्स या विज्ञानाच्या प्राध्यापकाने ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं, त्यात त्यांच्याबरोबर थॉमस होते. कालचा चाहता आज खुर्चीत. आपल्याकडेही असंच असतं ना? आज रिव्ह्यूला वैतागणारा उद्या रिव्ह्यूअर होतो.

माझं मत विचाराल तर थॉमस यांचा निष्कर्ष बरोबर होता, पण तो तसाच जाहीर करून टाकायला नको होता. पानावर पुरावा होता, तो दाखवायचा. दिलाशाचा भाग तर पुराव्याशिवायच आलाय. त्या अंकाची ताकद कशात आहे? वाचवण्याची कृतीच मारणारी ठरली असेल, ही शंका वाचकाच्या मनात राहते. ‘तरीही ती वाचली नसतीच’ म्हटलं की ती धार बोथट होते. आणि ते खरं आहे का, हे तर तपासता येतं.

चला, तपासून बघू

मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनी ‘द फिजिक्स ऑफ सुपरहिरोज’ (२००५) या पुस्तकात हे गणित केलंय. त्यांची गृहीतकं: पडण्याचं अंतर सुमारे ३०० फूट, थांबायला लागलेला वेळ अर्धा सेकंद. आपण ९० मीटर धरू. हवेचा विरोध सोडला तर वेग येतो सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. अर्ध्या सेकंदात थांबायचं तर मंदन सेकंदाला सेकंदामागे ८४ मीटर, म्हणजे साधारण ८.६ जी. तिचं स्वतःचं वजनही जाळ्यालाच पेलायचंय, ते धरून जाळ्याचा ताण तिच्या वजनाच्या जवळजवळ दहापट.

बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘विज्ञानाने सिद्ध झालं’ म्हणतात. तुम्ही थांबू नका. विचारा, अर्धा सेकंद कुठून आला? पानावर घड्याळ नाही. ते गृहीतक आहे.

मंदन एकसमान धरलं तर सूत्र फार सोपं होतं: पडण्याचं अंतर भागिले थांबण्याचं अंतर, उत्तर थेट जी मध्ये. अर्ध्या सेकंदाचा अर्थ जाळं साडेदहा मीटर ताणलं गेलं. तेच दोन मीटरच ताणलं असेल तर ४५ जी. तीस मीटर ताणलं तर फक्त ३ जी. म्हणजे ‘काहीही केलं असतं तरी’ हे विधान टिकत नाही. जाळं अधिक लवचीक असतं किंवा आधी पकडलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

अजून एक. १९५४ मध्ये जॉन स्टॅप या हवाई दलाच्या डॉक्टरने रॉकेटच्या गाडीवर स्वतःला बांधून ४६ जी इतकं मंदन सोसलं आणि तो जगला. मग दहा जी मध्ये ग्वेन का मरावी? कारण स्टॅप खुर्चीला पट्ट्यांनी आवळलेला होता. ग्वेन पायांनी पकडलेली, डोकं मोकळं. एकूण आकडा एकच गोष्ट सांगतो, बल कुठे आणि कसं बसलं हे सांगत नाही. ते सांगतो चित्रातला ‘स्नॅप’. इथे गणितापेक्षा चित्रकला जास्त नेमकी आहे, आणि हे मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी असून म्हणतेय.

पूल कोणता?

वाचकांनी पकडलेली दुसरी चूक. मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज लिहिलंय, चित्र मात्र ब्रुकलिन ब्रिजसारखं आहे. नंतरच्या काही पुनर्मुद्रणांत मजकूर बदलण्यात आला.

हा किस काढणं वाटतं? ब्रुकलिनचे मनोरे पाण्यापासून साधारण ८४ मीटर, जॉर्ज वॉशिंग्टनचे १८४. वरच्या सूत्रात घाला. थांबण्याचं अंतर तेच ठेवलं तर उत्तर दुपटीहून जास्त बदलतं. बारीक चूक महत्त्वाची की नाही, हे ती निष्कर्षाला हलवते का यावर ठरतं. पेपरमधल्या स्पेलिंगच्या चुकांवर अर्धं पान लिहिण्याआधी हे आठवा.

इथेच चाहत्यांचा मोठा दोषही सांगायला हवा. स्टॅन ली यांनी १९६० च्या दशकात ‘नो-प्राइझ’ सुरू केलं. बक्षीस म्हणून काहीच नाही, १९६७ पासून तर चक्क रिकामा लिफाफा घरी यायचा. आधी ते चूक शोधणाऱ्यालाही मिळायचं. पुढे ती चूक मुळात चूक कशी नाही, हे पटवून देणाऱ्याला मिळू लागलं. खेळ म्हणून झकास! पण यात डोकं एका दिशेने चालायची सवय लागते: आवडती गोष्ट कधी चुकतच नाही, फक्त स्पष्टीकरण सापडायचं बाकी असतं. आलेखावरचा एक बिंदू रेषेबाहेर गेला की आपणही ‘नमुना ओला असेल’ म्हणून मोकळे होतो. तो खरंच ओला होता का, हे तपासतो का? नसेल तर आपल्याला रिकामा लिफाफा मिळालाय, एवढंच.

एका अंकावरून शंभर अंकांकडे

काही वाचक एका अंकापाशी थांबले नाहीत. १९९९ मध्ये गेल सिमोन यांनी एक यादी केली. तेव्हा त्या केशकर्तनाचं काम करायच्या, कॉमिकच्या लेखिका नंतर झाल्या. कॉमिकमधल्या कोणकोणत्या स्त्रियांना मारलं, जखमी केलं, त्यांच्या शक्ती काढून घेतल्या, याची ती यादी. तिचं नाव पडलं १९९४ च्या ‘ग्रीन लँटर्न’च्या ५४ व्या अंकावरून, ज्यात नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. ग्वेनकडे इतक्या वर्षांनी मागे वळून बघताना ही यादी डोळ्यांसमोर येतेच.

आक्षेप लगेच आला: पुरुष पात्रंही मरतात की! संशोधनाच्या भाषेत, कंट्रोल ग्रुप कुठाय? आक्षेप रास्त होता. त्याला मिळालेलं उत्तरही तसंच चांगलं होतं: पुरुष नायक मरतात, पण बहुतेक परत येतात, पूर्ववत होतात. म्हणजे नुसते मृत्यू मोजून भागत नाही, पुढे काय झालं तेही मोजायला हवं. आक्षेपामुळे प्रश्न मोडला नाही, उलट अधिक नेमका झाला.

पन्नास वर्षांनी

३१ मे २०२३ ला ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा २६ वा अंक आला (मालिकेचे क्रमांक मध्ये नव्याने सुरू झालेत). त्यात कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल, मरते. जर्सी सिटीची पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी, २०१४ पासून स्वतःची मालिका असलेली नायिका. इथे ती मेरी जेनचं रूप घेऊन खलनायकाला चकवते आणि जीव गमावते, तेही दुसऱ्याच्या कॉमिकमध्ये.

बातमी अंकाच्या आधीच फुटली होती, त्यामुळे अनेकांनी न वाचताच निकाल दिला. माझ्या चार ओळींची आठवण झाली. पण वाचून लिहिणाऱ्यांचा आक्षेपही जवळपास तोच होता: हे तिच्या गोष्टीतून आलेलं नाही, पीटरच्या दुःखासाठी आणलंय. जुलैमध्ये ती परतही आली.

फरक बघा. १९७३ मध्ये ‘कशाने मेली?’ यावर भांडता येतं, कारण नायकाची कृती आणि मृत्यू यांच्यातला दुवा त्या चौकटीत होता. २०२३ मध्ये वाचक एकच विचारत राहिले, ‘कशाला मारली?’ पानावर शोधण्यासारखं काही नव्हतं. पहिला अंक मला आजही दुखावतो. दुसऱ्याचा फक्त राग येतो. दोन्ही टीका खऱ्या आहेत, पण जात वेगळी. एक पुराव्याबद्दल आहे, दुसरी प्रश्नाच्या निवडीबद्दल. पेपरवर लिहिताना आपला आक्षेप यातला कोणता, हे आधी स्वतःला विचारा. प्रश्नच चुकीचा असेल तर शंभर नमुने वाढवून काही होत नाही. आणि पुरावा कमी असेल तर किती कमी आणि कुठे, ते सांगावं लागतं.

तुमच्यासाठी काम

या आठवड्यात एक पेपर घ्या आणि तीनच वाक्यं लिहा. मला कोणती आकृती खटकली? त्यामुळे कोणता निष्कर्ष हलतो? काय दाखवलं तर मी माझं मत बदलेन? तिसरं वाक्य लिहिताना हात अडखळतो, माझा तर दर वेळी अडखळतो.

त्या ज्युनिअरची मी माफी मागितली आणि मसुदा शेवटपर्यंत वाचून पुन्हा लिहून दिलं. या वेळी पाच मुद्दे होते, प्रत्येकापुढे आकृतीचा क्रमांक. त्यातले दोन त्याने पटवून देऊन खोडून काढले. एक अजून आमच्यात वादात आहे.

पुढच्या लेखात: रिव्ह्यूअरला उत्तर कसं लिहायचं, म्हणजे टेबलाच्या पलीकडची बाजू.