मानवी तस्करीतील पीडितांसाठी कायदेशीर उपाय : चार देशांची चिकित्सक तुलना

मानवी तस्करी म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त वेश्याव्यवसाय येतो. २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलच्या व्याख्येत मात्र सक्तीची मजुरीही येते. म्हणून अभियांत्रिकीच्या वर्गात मी सुरुवात एका वेल्डिंगच्या खटल्याने करतो.

२००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतील सिग्नल इंटरनॅशनल कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर व पाइपफिटर कामाला नेले. ग्रीन कार्ड मिळेल या आशेवर अनेकांनी कर्ज काढून दलालांना प्रत्येकी दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक दिले. हाती आला तात्पुरता व्हिसा. दाटीवाटीच्या खोल्यांसाठी महिन्याला १,०५० डॉलर कापले जात. २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पाच कामगारांना सुमारे १.४ कोटी डॉलर भरपाई दिली. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सर्व दावे मिळून दोन कोटी डॉलरवर तडजोड झाली.

या खटल्यात कामगार साक्षीदार नव्हते, वादी होते. हाच फरक लक्षात ठेवून कोणत्याही कायद्याला तीन प्रश्न विचारावेत. गुन्हा सिद्ध होण्याआधी भरपाई मिळते का? पोलिसांना मदत न करता संरक्षण मिळते का? पीडितालाच आरोपी केले जाते का?

अमेरिका : २००३ च्या दुरुस्तीने पीडिताला दिवाणी दाव्याचा हक्क दिला. ही जमेची बाजू. पण टी व्हिसाची मर्यादा वर्षाला ५,००० आहे, आणि अल्पवयीन किंवा तीव्र मानसिक आघात झालेल्या व्यक्ती वगळता इतरांना तपासात सहकार्य करावे लागते.

इटली : १९९८ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यातील कलम १८ नुसार तक्रार न करताही सामाजिक संस्थांमार्फत निवास परवाना मिळू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत माणुसकीचे उत्तर हेच.

ब्रिटन : २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याचे कलम ४५ पीडिताला बचाव देते, पण गंभीर गुन्ह्यांची मोठी यादी त्यातून वगळली आहे. भरपाईचा आदेशही आरोपीविरुद्ध मालमत्ता वसुलीचा आदेश झाला तरच निघतो. तस्कराने पैसा लपवला की उपाय कागदावरच राहतो.

भारत : संविधानाचे कलम २३ मानवी व्यापार व वेठबिगारीला मनाई करते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ प्रमाणे (पूर्वीचे ३५७अ) आरोपी सापडला नाही तरी पीडित जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. पहिल्या प्रश्नावर आपला कायदा ब्रिटनपेक्षा उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ही रक्कम राज्याच्या योजनेतून येते, तस्कराच्या खिशातून नव्हे. तस्करीसाठी स्वतंत्र दिवाणी दाव्याची तरतूद आपल्याकडे नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे कलम ८ गिऱ्हाईक बोलावणे हा गुन्हा ठरवते. त्यामुळे जिला विकले गेले तीच आरोपी होऊ शकते. स्वतंत्र कायद्याचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत न जाता २०१९ मध्ये रद्दबातल ठरले.

निष्कर्ष : शिक्षेची वर्षे वाढवणे सोपे असते, म्हणून सरकारे तेच आधी करतात. तस्कर दहा वर्षे तुरुंगात गेला तरी वेल्डरच्या घरावरचे कर्ज फिटत नाही. शिक्षा राज्याचा हिशेब चुकता करते. पीडिताचा हिशेब वेगळा आहे, आणि तो मागण्याचा हक्क त्याच्याच हाती असावा. सिग्नलच्या खटल्याची मर्यादाही विसरू नये : दावा जिंकूनही वसुली कंपनीच्या तिजोरीवर अवलंबून राहिली. म्हणून दिवाणी दावा आणि राज्याचा भरपाई निधी, दोन्ही हवेत.

विचारासाठी प्रश्न
१. परदेशी नोकरीसाठी दलालाने मोठी रक्कम मागितली, तर वरील तीनपैकी कोणता प्रश्न तुमच्या बाबतीत आधी उभा राहील?
२. इटलीचे कलम १८ भारतात आणायचे झाल्यास १९५६ च्या कायद्यात कोणते बदल करावे लागतील?