अशी ही बनवाबनवी

व्ही. शांताराम प्रॉडक्शन्सची निर्मिती असलेला मराठी विनोदी चित्रपट (१९८८). दिग्दर्शन सचिन पिळगावकर यांचे, लेखन वसंत सबनीस यांचे. हृषिकेश मुखर्जी यांच्या बीवी और मकान (१९६६) या हिंदी चित्रपटाच्या कथासूत्रावर तो आधारलेला आहे. मूळ हिंदी चित्रपट आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. मराठी रूपांतर मात्र तीन तपांनंतरही आवडीने पाहिले जाते.

पुण्यातील भाड्याची जागा गमावलेले चौघे तरुण, केवळ विवाहितांनाच घर देणाऱ्या लीलाबाई काळभोर (नयनतारा) यांच्याकडे दोन जोडपी म्हणून राहतात. धनंजय माने (अशोक सराफ) व शंतनू (सिद्धार्थ रे) पती होतात. परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) पार्वती बनतो आणि सुधीर (सचिन) सुधा.

या कथेचा पाया मुळीच हास्यास्पद नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठविले व भाडेकरूस संरक्षण दिले. परिणामी घरमालक नवा भाडेकरू, विशेषतः अविवाहित, ठेवण्यास कचरू लागले. पेण, रोहे यांसारख्या गावांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबई-पुण्यास जाणाऱ्या तरुणाला ही अडचण सांगावी लागत नाही. रोह्यालगत धाटाव येथे औद्योगिक वसाहत झाल्यावर बाहेरून आलेल्या कामगारांच्या रूपाने तोच प्रश्न रोह्याच्या दारीही आला. सम लाइक इट हॉट (१९५९) या अमेरिकी चित्रपटातील नायक जिवाच्या भीतीने स्त्रीवेष घेतात. येथे तो एका खोलीसाठी घेतला जातो. म्हणूनच मराठी प्रेक्षक या लबाडांच्या बाजूने प्रथमपासून उभा राहतो.

भरताने हास्यरसाच्या विभावांत विकृत वेषाची गणना केली आहे. तथापि वेषांतराचा विनोद एका प्रवेशात संपतो, आणि स्त्रीपार्टी नटांची दीर्घ परंपरा असलेल्या मराठी प्रेक्षकाला पुरुषाने नेसलेल्या लुगड्याचे अप्रूप ते किती? या चित्रपटात हसू टिकते ते दुसऱ्या कारणाने. चौघांपैकी एकाने मारलेली थाप उरलेल्या तिघांना तत्काळ निभावावी लागते. पार्वतीच्या खोट्या गर्भारपणाची गोष्ट डोहाळजेवणापर्यंत जाते, तेव्हा बेर्डे यांच्या अंगविक्षेपांइतकेच अशोक सराफ यांचे शांत, हिशेबी पाहणे हास्य निर्माण करते. एकाने उधळावे व दुसऱ्याने आवरावे, ही वाटणी चित्रपटभर सांभाळली आहे. सचिन यांनी सुधाचा वेष संयमाने, जवळजवळ गंभीरपणे वागविला आहे. तो तसा नसता, तर पार्वतीचा भडकपणा असह्य झाला असता.

सबनीसांच्या संवादांना लोकनाट्याचा सराव उपयोगी पडला आहे. विच्छा माझी पुरी करा लिहिणाऱ्या या लेखकाला प्रश्न व प्रत्युत्तर यांच्यामधील क्षणाची किंमत ठाऊक होती. घरमालक सरपोतदारांनी औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचा प्रसंग चित्रपट न पाहिलेल्यांनाही माहीत असतो. माणसाच्या मृत्यूसाठी आदराने योजावयाचे क्रियापद तेथे पैशांना लावले आहे, एवढाच शाब्दिक विनोद. पण तो पूर्ण होतो सुधीर जोशी यांच्या चेहऱ्यावर. सुटी वाक्ये तोंडपाठ म्हणून या चित्रपटाचा आस्वाद घेणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती वाक्य राहते, ऐकणारा निसटतो. आणि पुनःपुन्हा पाहताना खरी गंमत असते ती ऐकणाऱ्याची.

उणिवाही आहेत. अश्विनी भावे, सुप्रिया, निवेदिता जोशी व प्रिया अरुण यांच्या भूमिकांना, अश्विनी भावे यांचा काहीसा अपवाद सोडल्यास, प्रेयसीपलीकडे फारसे काम नाही. फसविले जाणे एवढेच बहुधा त्यांच्या वाट्यास येते. प्रेमगीतांच्या ठिकाणी कथेची गती मंदावते. शंतनूची भूमिका चौघांत सर्वांत फिकी आहे. परंतु तिघे बोलत असताना चौथ्याने गप्प उभे राहणेही अशा चित्रपटात आवश्यक असते, आणि सिद्धार्थ रे यांनी ते बिनतक्रार केले आहे.